बॉक्स्टरचा ब्रीदर पाइप मोडलाय? आधी तुकडे मोजा

जुळे सोलापुरातल्या एका टॉवेल कारखानदारांचा प्रश्न आहे. त्यांनी पुण्याहून २००७ सालची पोर्शे बॉक्स्टर घेतली, २.७ लिटरची. गेल्या रविवारी तुळजापूरहून परत येताना गाडी सिग्नलला थांबली की थरथरायला लागली. मागून बारीक शिट्टी, जळक्या तेलाचा वास आणि समोर इंजिनचा पिवळा दिवा. घरी येऊन सीटमागचं झाकण उघडलं तर एक काळा नालीदार पाइप हात लावताच मोडला, उडदाच्या पापडासारखा. ओळखीच्या मेकॅनिकनं त्याला काळी टेप गुंडाळून दिली. दोन दिवस बरं चाललं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. स्कॅनरवर पी०१७१ आणि पी०१७४ असे दोन कोड आले. आता विचारतात, "काका, हे घरी होईल का? ओरिजिनल पाइपची वाट बघू, की कारखान्यातल्या कॉम्प्रेसरचा पाइप कापून लावू?"

घरी होईल. कॉम्प्रेसरचा पाइप लावू नका. ओरिजिनल येईपर्यंत गाडी शेडमधून बाहेर काढू नका. घाई असेल तर इथंच थांबलात तरी चालेल. पण मला पाइपपेक्षा दोन गोष्टींची जास्त काळजी वाटते. मोडलेले तुकडे कुठं गेले, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आणि पाइप नुसता म्हातारपणानं मोडला की त्याच्या शेजारचा डबाही गेलाय, हे कुणी तपासलेलं दिसत नाही. पाइपची ऑर्डर देण्याआधी या दोन्हीचं उत्तर मिळालं पाहिजे, नाहीतर तुम्ही हेच झाकण दोनदा उघडाल.

हा पाइप काय करतो ते आधी बघू. इंजिनात पेटलेल्या मिश्रणाचा थोडा वायू पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या खोलीत, उतरतोच. कोऱ्या गाडीतही उतरतो. गॅरेजात आम्ही त्याला ब्लो-बाय म्हणतो. त्यात अर्धवट जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते आणि फिरत्या क्रँकनं उडवलेल्या तेलाचं धुकं असतं. त्याला वाट दिली नाही तर आत दाब वाढतो, आणि तो दाब सगळ्यांत कमजोर सील शोधून तिथून तेल बाहेर काढतो. फार पूर्वी या वायूसाठी एक नळी सरळ खाली सोडलेली असायची, रस्त्यावर थेंब पडले तरी कुणाला काही वाटत नसे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात हवेच्या प्रदूषणाची ओरड झाली, तेव्हापासून हा वायू परत इंजिनलाच पाजायची पद्धत रुळली.

तुमच्या गाडीत तो आधी एका काळ्या डब्यात जातो. तो एअर-ऑइल सेपरेटर. तिथं तेल वेगळं होऊन खाली परततं आणि उरलेला वायू ब्रीदर पाइपनं इनटेकला, म्हणजे इंजिनच्या हवा ओढायच्या वाटेत जातो, थ्रॉटलच्या (हवा कमी-जास्त सोडणाऱ्या झडपेच्या) पलीकडं. आता गंमत बघा. आयडलला, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं सुरू असताना, थ्रॉटलच्या पलीकडं पाऱ्याच्या साधारण १८ इंचांइतकी ओढ असते. क्रँककेसला मात्र फक्त पाण्याच्या पाचेक इंचांची ओढ हवी असते. पारा पाण्यापेक्षा साडेतेरा पट जड, म्हणजे दोन्हींत जवळजवळ पन्नासपट फरक. हा फरक सांभाळतो त्या डब्यातला एक पातळ रबरी पडदा. पडदा फाटला की इनटेक सगळी ताकद लावून क्रँककेसमधलं तेल ओढायला लागतं.

तुमचे दोन कोड काय सांगतात? इंजिन सपाट सहा सिलिंडरचं आहे, तीन एका अंगाला आणि तीन दुसऱ्या अंगाला. पी०१७१ म्हणजे पहिल्या अंगाला पेट्रोल कमी पडतंय, पी०१७४ म्हणजे दुसऱ्या अंगालाही. दोन्ही एकदम आले म्हणजे एखादा इंजेक्टर किंवा एका बाजूचा सेन्सर बिघडलेला नाही, बहुधा दोघांच्या सामाईक वाटेत कुठंतरी चोरून हवा घुसते आहे. एअरफ्लो सेन्सरनं न मोजलेली हवा. कॉम्प्युटर बिचारा जास्त पेट्रोल सोडून भरपाई करतो, आणि त्याची मर्यादा संपली की दिवा लावतो.

खात्री करायला तुमच्याच स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म, दोन्हींची बेरीज. आयडलला ती अधिक वीस-पंचवीस टक्के दिसते आणि अडीच हजार आरपीएमला पाचाच्या आसपास उतरते, तर हवा चोरून येते आहे हे नक्की. कारण भोक तेवढंच राहतं, पण इंजिन जास्त हवा प्यायला लागलं की त्या भोकाचा वाटा कमी होतो. आकडा उलटा वागला, म्हणजे आरपीएमबरोबर वाढत गेला, तर पेट्रोलचा पंप किंवा एअरफ्लो सेन्सर बघावा लागेल. मग या पाइपच्या मागं लागून उपयोग नाही.

गाडी बाहेर काढू नका म्हणालो, त्याचं कारण आपल्या गावची धूळ. तुटलेल्या पाइपमधून आत जाणारी हवा एअर फिल्टरमधून आलेली नसते. उन्हाळ्यात होटगी रस्त्यानं एक चक्कर मारली तर बॉनेटवर बोटानं नाव लिहिता येतं. तीच धूळ तेलात मिसळली की सिलिंडरला पॉलिश पेपर लावल्यासारखं होतं. शिवाय तेलाची वाफ गरम एक्झॉस्टच्या आसपास फिरते आहे. जळका वास त्याचाच.

आता कोणता पाइप मोडलाय ते ओळखा, कारण या इंजिनात ठिसूळ होणारे असे दोन आहेत. मागच्या डिकीत जिथं तुम्ही तेल ओतता, तिथून इंजिनकडं जाणारा अंगठ्याहून जाड नालीदार पाइप हा तेल भरायचा. सेपरेटरकडून थ्रॉटलकडं जाणारा, त्याहून बारीक, तो ब्रीदर. दोन्हींपैकी कुणालाही चीर पडली तरी लक्षणं सारखीच दिसतात, कारण ओढ दोन्हीकडं पोचते. तुकड्यांच्या बाबतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. तेलाच्या पाइपचा तुकडा सरळ खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळच्या तेलाच्या भांड्यात, पडतो आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. ब्रीदरचा तुकडा इनटेकमध्ये ओढला जातो आणि व्हॉल्व्हपाशी जाऊन थांबतो.

सामान फार लागत नाही. टॉर्क्स बिट, लांब नाकाची पक्कड, एक व्हर्नियर, ब्रेक क्लीनरचा डबा, बिनधाग्याचं कापड आणि घरातला हेअर ड्रायर. जॅक लावायची गरज नाही, सगळं काम वरूनच आहे. गाडी रात्रभर थंड होऊ द्या. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४३-४४ अंशांवर जातो, त्यात हे इंजिन सीटच्या पाठीमागं बंद खोलीत बसलेलं. किल्ली काढल्यावर वारा थांबतो आणि आतली उष्णता तासभर तिथंच घुटमळते. तुमचा पाइप कडक झाला तो असाच. नायलॉन रोज तापून-थंडावून काचेसारखं होतं. तेव्हा कामाला सकाळी लवकर बसा.

क्रम चुकवू नका. आधी गाडीचं कापडी छप्पर सर्व्हिस पोझिशनला घ्या (खालच्या झाकणापर्यंत हात पोचेल असं अर्धवट उघडून), कारण त्याला वीज लागते. मग गालिचा आणि त्याखालचं इंजिनचं झाकण काढा. बॅटरीची तार सगळ्यांत शेवटी सोडा. आणि तार सोडल्यावर पुढची डिकी लावू नका! बॅटरी पुढच्या डिकीत आहे आणि डिकीचं कुलूप विजेवर उघडतं. झाकण लागलं की बॅटरी आत आणि तुम्ही बाहेर. मग फ्यूज बॉक्समधून बाहेरची वीज देऊन उघडत बसावं लागतं. जर्मन अक्कल कधीकधी अशीही चालते. मी कुलुपाच्या खाचेत एक जुना टॉवेल घडी करून ठेवतो. तुमच्याकडं टॉवेलांची काय कमी.

झाकण निघालं की लगेच पाइपला हात घालू नका. आधी प्रत्येक जोडाभोवतीची धूळ ब्रशनं आणि ओल्या फडक्यानं साफ करा. जोड उघडल्यावर जी माती निसटते ती आतच पडते. मग मोडलेला पाइप हळूच सोडवा. या पाइपांची तोंडं दाबून सुटणारी असतात, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून सरळ मागं ओढायची. कडक झालेलं तोंड थंड असताना पिळलंत तर ते मोडून सेपरेटरच्या नळीवरच अडकून बसेल, आणि ती नळीही प्लॅस्टिकची. हेअर ड्रायर दोन-तीन मिनिटं फिरवा. प्लॅस्टिक जरा नरम आलं की सुटतं. हीट गन नको, तिच्यानं शेजारच्या तारांचं वेष्टण वितळतं. सेपरेटरला कूलंटचेही दोन पाइप येतात, चुकून ते सोडू नका.

आता वर्तमानपत्राचा एक पूर्ण कागद जमिनीवर पसरा आणि पाइपचे सगळे तुकडे त्यावर जोडून मांडा. टेपला चिकटलेले, खाली पडलेले, गालिच्यात अडकलेले, सगळे. पोरं चित्राचे तुकडे जुळवतात तसे, नालीला नाली लावून. मला हे काम करायला कधीकधी पाऊण तास लागतो आणि शेजारी बसलेलं गिऱ्हाईक कंटाळतं. पण नखाएवढा तुकडाही कमी असेल तर तो कुठं आहे हे कळल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. मोबाइलला जोडायचा नळीचा कॅमेरा आता सहज मिळतो. तो थ्रॉटलच्या तोंडातून आणि पाइपच्या दोन्ही टोकांतून आत घालून बघा. चिकट तेलाच्या थरात अडकलेला तुकडा बहुतेक वेळा पहिल्या वळणावरच सापडतो. नाही सापडला आणि पाइप तेल भरायचा असेल, तर सम्प उघडावी लागेल. ते काम अंगणात जॅकवर करू नका, लिफ्ट असलेल्या ठिकाणी जा.

टेपचं म्हणाल तर मेकॅनिकचा फार दोष नाही, हातात होतं ते त्यानं केलं. पण विजेच्या टेपचा गोंद गरम तेलानं विरघळतो. दोन दिवस टिकली हेच नवल. मोडक्या नालीवर लोक एम-सील थापतात. ते दगडासारखं घट्ट बसतं, पण पाइप इंजिनबरोबर सारखा हलतो. नाली वाकते, एम-सील वाकत नाही. मग त्याची कडा सुटते, आणि सुटलेला खडा आतच जातो. सिलिकॉन गास्केट आतून फासणाऱ्यांना तर मी गॅरेजच्या पायरीवरूनच परत पाठवतो. फेविक्विकबद्दल लिहीत नाही.

तरीही एक तात्पुरती जोडणी मी करायला सांगणार आहे, फक्त दोन मिनिटांच्या परीक्षेसाठी. सगळे तुकडे सापडले असतील तरच. पाइप ब्रेक क्लीनरनं आतून-बाहेरून स्वच्छ करा, पूर्ण वाळू द्या. स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉनची टेप मिळते, गोंद नसलेली. ती ओढून दुप्पट लांब करत, निम्म्यावर निम्मी येईल अशी तीन थरांत गुंडाळा. मग एक तोंड अंगठ्यानं बंद करून पाइप पाण्याच्या टबात बुडवा आणि दुसऱ्या टोकाला रबरी नळी लावून तोंडानं फुंका. पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसंच. बुडबुडा नाही आला तर जोडणी परीक्षेपुरती चालेल. पाइप चांगला वाळवा आणि गाडीवर चढवा. चुरा होऊन दोनाचे पाच तुकडे झाले असतील तर हा खटाटोप सोडा, नवा पाइप आल्यावर परीक्षा करा.

परीक्षेला लागतो गवंड्याचा लेव्हल पाइप. पारदर्शक, दोन-अडीच मीटर. एका फळीवर खिळे मारून तो इंग्रजी यूच्या आकारात बसवा, प्रत्येक बाजू निदान मीटरभर उंच. निम्म्यापर्यंत पाणी भरा आणि त्यात चिमूटभर कुंकू टाका म्हणजे पातळी नीट दिसते. तेल भरायच्या तोंडाला बसेल असं जुनं झाकण मिळवून त्याला भोक पाडा, नळी घट्ट बसवा, कडेनं हवा येणार नाही असं करा. मधे एक रिकामी बाटली जोडा, म्हणजे ओढ जास्त निघाली तर पाणी बाटलीत पडेल, इंजिनात जाणार नाही. ही बाटली विसरू नका. मग बॅटरी जोडा, गाडी सुरू करा, आयडल स्थिर होऊ द्या.

मोजताना दोन पातळ्यांतला फरक मोजायचा. एक बाजू अडीच इंच वर गेली आणि दुसरी अडीच खाली आली, तर ओढ पाच इंच. पुष्कळ जण एकच बाजू मोजतात आणि निम्मा आकडा धरून बसतात. या जातीच्या तंदुरुस्त इंजिनात चार ते सहा इंच येतात. नऊ किंवा वर आले तर सेपरेटरचा पडदा गेला, नुसता पाइप बदलून काही होणार नाही. जवळजवळ शून्य आला तर अजून कुठंतरी गळती आहे, किंवा तुमची टेप दगा देते आहे.

फळी-पाइप जमवायचा कंटाळा असेल तर ढोबळ खूण सांगतो. आयडलला तेलाचं झाकण सोडवून उचला. चांगल्या इंजिनात ते हलक्या हातानं सुटतं आणि आयडल जरा डगमगतं. हाताला मोठी ओढ लागली, झाकण कुणीतरी आतून धरून ठेवल्यासारखं वाटलं, तर संशय घ्या. सकाळी सुरू करताना मागून निळसर पांढऱ्या धुराचा लोट उठत असेल तर संशय पक्का धरा, सेपरेटर बहुधा गेलाच. अशी गाडी चालवू नका. तेल जास्त प्रमाणात सिलिंडरमध्ये साचलं तर पिस्टन त्याला दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. सेपरेटर बदलायचं काम अडचणीच्या जागेत आहे, हात शिरत नाही, कूलंट सांडतं. घरी पहिल्यांदाच करणाऱ्याला मी ते सुचवत नाही.

झाकणाखाली पिवळट पांढरं, ताकावरच्या लोण्यासारखं काही दिसलं तर कूलंट तेलात मिसळलं, हेड गास्केट गेलं, असा धसका लगेच घेऊ नका. थंडीच्या दिवसांत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला, जुळे सोलापूर ते सात रस्ता एवढीच गाडी फिरवली तर तेल पुरेसं तापत नाही. वाफेचं पाणी झाकणाखाली थिजतं आणि तेलात घुसळलं जातं. एकदा मोहोळपर्यंत नीट पळवून आणली की बहुतेक वेळा ते निघून जातं. मात्र कूलंटही कमी होत असेल तर गोष्ट वेगळी.

आता पाइपचं. ओरिजिनल मागवा, चॅसिसचा सतरा अंकी नंबर देऊन. बॉक्स्टरचे पाइप वर्षागणिक बदललेत, फोटो पाठवून मागवलात तर चुकीचा येईल. बरोबर दोन्ही टोकांच्या रबरी रिंगाही मागवा, एवढीशी वस्तू विसरली म्हणून आठवडा जातो. मोडलेला ब्रीदर असेल तर तेल भरायचा पाइपही हातानं दाबून बघा. तोही कडक लागला तर त्याच ऑर्डरमध्ये घ्या. दोघांचं वय एकच आहे.

लोकल पाइप लावायचाच झाला तर माझी एक चूक ऐका. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत एका पद्मिनीचा ब्रीदर फाटला होता. दुकानात तेवढ्याच मापाचा रेडिएटरचा पाइप होता, मी कापून लावला, गिऱ्हाईक खूश. दीड महिन्यानं गाडी परत आली. पाइप तेल पिऊन फुगला होता, बोटानं दाबला तर खड्डा तसाच राहिला, आणि क्लिपमधून निसटून त्यानं अख्खं इंजिन तेलानं माखलं होतं. पाण्याच्या पाइपचं रबर ईपीडीएम जातीचं असतं. ते गरम पाण्यात वर्षानुवर्षं टिकतं, पण खनिज तेलाशी त्याचं वैर आहे. गिऱ्हाइकाला इंजिन धुऊन दिलं, पैसे घेतले नाहीत, आणि त्या दिवसापासून पाइपवरची छापील अक्षरं वाचल्याशिवाय मी विकत घेत नाही.

तेलाच्या वाफेला नायट्रिल रबर लागतं, म्हणजे एनबीआर. जास्त गरम जागी व्हिटॉन, ते महाग पण २०० अंशांपर्यंत दाद देत नाही. बाजारात मिळणारे निळे-लाल सिलिकॉन पाइप दिसायला झकास, पण साधं सिलिकॉन तेलाची वाफ आरपार झिरपू देतं आणि काही महिन्यांत बाहेरून चिकट होतं. आतून फ्लुओरोसिलिकॉनचं अस्तर असेल तरच घ्या. तुमच्या कॉम्प्रेसरची ती निळी पॉलियुरेथेनची नळी मापात बसली तरी ७०-८० अंशांच्या पुढं नरम पडते. आणि ती आतून बाहेर दाबणाऱ्या हवेसाठी बनवलेली आहे. इथं ओढ उलटी, बाहेरून आत. नरम पडलेली भिंत चपटी होते, वाट बंद होते आणि दाब सीलवर जातो. म्हणून आतून तार किंवा जाड विणकाम असलेला, व्हॅक्यूमसाठीचाच पाइप मागा. एमआयडीसीत हायड्रॉलिक होज बनवून देणारे असतात, त्यांना मोडका पाइप दाखवा आणि सांगा: तेल, उष्णता, ओढ. तिन्ही शब्द सांगा, एक राहिला की चुकीचा पाइप हातात येतो.

माप व्हर्नियरनं घ्या, पट्टीनं नको. लांबी मोडक्या पाइपवरून दोरा फिरवून घ्या, आणि वळण मोडक्यासारखंच ठेवा. सरळ पाइप जबरदस्तीनं वाकवला की आतल्या बाजूला घडी पडते. मधे झोळीसारखा खोलगट भागही नको, तिथं तेल-पाणी साचून वाट बंद होते. क्लिप घट्ट करताना मनगटाचा जोर पुरे, कोपराचा नको. खालची नळी प्लॅस्टिकची आहे. तिला चीर गेली तर सेपरेटर बदलायचं बिल तुमच्या नावावर.

ओरिजिनल बसवताना नव्या रिंगेला बोटानं इंजिन ऑइल लावा, सरळ दाबा, कट्ट असा आवाज येईपर्यंत. आवाज आला तरी एकदा मागं ओढून बघा. अर्धवट बसलेलं तोंड पहिल्या दहा किलोमीटरला सुटतं, मग दोष पाइपला देतात.

गळती शोधायला इंजिन चालू ठेवून कार्ब क्लीनर फवारायचा सल्ला कुणी देईल. बंद खोलीत बसलेल्या गरम इंजिनावर पेटणारा फवारा मारायची कल्पना मला पटत नाही. उदबत्ती फिरवणारेही पाहिलेत, तेही तेच. गॅरेजमधल्या धुराच्या यंत्रानं अर्धा-एक पीएसआय दाबावर दहा मिनिटांत निकाल लागतो. आणि कृपा करून कारखान्यातल्या कॉम्प्रेसरची हवा तेलाच्या तोंडातून सोडू नका. शंभर पीएसआयपुढं क्रँकच्या मागच्या सीलचा टिकाव लागणार नाही, आणि ते सील बदलायला अख्खा गिअरबॉक्स उतरावा लागतो.

पाइप बसला, कोड पुसले, की पुन्हा ट्रिम बघा. आयडलला उणे पाच ते अधिक पाचच्या आत यायला हवी. लाँग टर्मचा आकडा हळूहळू उतरतो, त्याला दोन-तीन दिवस चालवून वेळ द्या. शॉर्ट टर्म मात्र पहिल्या पाच मिनिटांतच शांत झाली पाहिजे. नाही झाली तर दुसरीकडं चीर आहे.

मग तेल आणि फिल्टर बदला, किलोमीटर झाले नसले तरी. तुटक्या पाइपनं तुम्ही चार-पाच दिवस धूळ आत घेतली आहे. जुना फिल्टर टाकून देऊ नका. हा कागदी घड्यांचा आहे, घड्या उघडून उजेडात बघा. काळे प्लॅस्टिकचे कण दिसले तर वर्तमानपत्रावरच्या हिशेबात ते धरायचे. चमकणारे धातूचे कण दिसले तर ते या पाइपचं काम नव्हे, त्याचा फोटो मला वेगळा पाठवा.

लेव्हल पाइपवर किती इंच आले तेही कळवा. नऊच्या वर असतील तर पाइपची ऑर्डर एक दिवस थांबवा, सेपरेटर आणि पाइप एकत्रच मागवू.